शून्य ते सोळा

टीव्हीवरच्या मालिकेत जिन्याचा प्रसंग आला आणि ड्रायव्हरला पुन्हा काही दिसेनासं झालं. नट उजेडातून खाली उतरला की त्याचा चेहरा, कोट, पायऱ्या, सगळं एकच काळं.

"कोण आहे गं खाली?" त्यानं सहज विचारल्यासारखं केलं.

"कोणी नाही. पायरीवर मांजर बसलंय," बायको म्हणाली. तिचं विणकाम चालूच होतं.

"हो, दिसलं की," तो म्हणाला.

महिनाभर हे असंच चाललं होतं. बायको शिवणकाम करणारी, तिची नजर पहिल्यापासून बारीक. आदल्या भागात तर तिला खुन्याच्या बुटांवरचा चिखलसुद्धा दिसला होता. याला नुसता कोळसा. आणि सोमवारी डेपोत डोळ्यांची तपासणी होती. सव्वीस वर्षं बस चालवली, कुठे ओरखडा नाही. आता नापास झाला की स्टिअरिंग सुटणार, आणि पुढची सगळी वर्षं चौकशीच्या खिडकीत बसून लोकांची बोलणी खायची. त्या खिडकीच्या विचारानं त्याचं जेवण कमी झालं होतं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मुलगी आली. ती व्हिडिओ संकलनाचं काम करायची. महिन्यापूर्वी आपला जुना कॉम्प्युटर तिनंच इथल्या टीव्हीला जोडून दिला होता. बाल्कनीत गाठून त्यानं तिला सगळं सांगितलं. आईला मात्र सांगू नकोस, ती हाय खाईल, असंही बजावलं.

"बाबा, रस्त्यावर अंधारात दिसतं ना तुम्हाला?"

"अजून दिसतं. पण सुरुवात घरापासूनच होत असेल."

आत येऊन मुलीनं कालचाच भाग लावला, टीव्हीसमोर मांडी ठोकली आणि सेटिंग उघडलं. आईला तिनं एवढंच सांगितलं, की चित्र जरा बिघडलंय आणि चूक तिचीच आहे, जोडताना बघायचं राहिलं. कॉम्प्युटर काळा रंग शून्यापासून मोजून पाठवतोय आणि टीव्ही सोळाच्या खालचं सगळं काळंच धरतोय, त्यामुळे अंधारातल्या बारीक छटा बुडतात. तिनं कॉम्प्युटरचं मोजमाप 'पूर्ण'वरून 'मर्यादित'वर आणलं. चित्र क्षणभर गेलं आणि परत आलं.

जिना दिसला. कठडा, कोटाची बटणं, भिंतीवरची ओल, सगळं दिसलं. ड्रायव्हरनं इतका मोठा श्वास सोडला की मुलगी हसली. डोळे शाबूत होते, स्टिअरिंग शाबूत होतं. आनंदाच्या भरात त्यानं स्वतः चहा करायची तयारी दाखवली. असं त्या घरात वर्षातून एखाद्या वेळी व्हायचं.

उठता उठता त्याला मांजर आठवलं. त्यानं प्रसंग मागे घ्यायला लावला. वरच्या पायरीपासून खालच्या पायरीपर्यंत दोनदा बघितलं. मांजर कुठंच नव्हतं.

तो बायकोकडे वळला. तिच्या सुया थांबल्या होत्या. डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती.

"बुधवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मी नाव नोंदवलंय, तेवढं रद्द कर," ती मुलीला म्हणाली. "मला काळंच दिसायचं, म्हणून काहीबाही ठोकून द्यायचे, आणि हे आपले 'दिसलं की, दिसलं की' म्हणायचे. मला वाटलं, माझीच नजर गेली."