शेजारचं मूल
गव्हाणचा काशिराम कोयता घेऊनच शेजारच्या जनीच्या ओटीवर चढला. लसीच्या पाहणीला आलेली कोमल जनीच्या बाळाचं झोळीत वजन करत होती. मेंदुज्वरापासून लस किती वाचवते हे ठरवायला आजारी मुलाच्या शेजारचं, त्याच वयाचं धडधाकट मूलही तपासावं लागतं. "माजा पोर मेला, आन तू याला झुलवतेस?" जनीनं बाळ ओढून घेतलं, तोच कोयत्यानं वजनकाट्याची दोरी तुटली. काशिरामनं कोमलला भिंतीवर आपटलं. तिचा ओठ फाटला. कोयता टाकून त्यानं बाळाची मानगूट धरली. "दादूस, लेकराला नको!" जनी त्याच्या दंडाला चावली, पकड सुटेना. त्यानं बाळाचं डोकं पुढे दाबलं. हनुवटी छातीला टेकली. कोमलला आठवलं: दवाखान्यात तिच्यासमोर डॉक्टरांनी काशिरामच्या मुलाची मान अशीच वाकवून पाहिली होती, मेंदुज्वरानं ताठलेली ती वाकली नव्हती. बाळ किंचाळलं. काशिराम म्हणाला, "याची वाकते, बाय. लिव."