कचेरीला माहीत नाही

“ओळखपत्र,” खिडकीतला कारकून मान वर न करता म्हणाला.

“अरे, कालच एका डब्यात जेवलो ना आपण?”

कारकुनाने वर पाहिलं आणि लगेच मान खाली घातली. “वर कॅमेरा आहे. दे बाबा.”

पगारमास्तरने ओळखपत्र आत सरकवलं. त्यावर याच करकचेरीचा शिक्का होता. इथल्या सगळ्यांचे पगार काढायचं काम त्याच्याकडे, म्हणून हे नाव पडलेलं. स्वतःच्या पगारातला करही तो दर महिन्याला स्वतःच कापायचा आणि आपल्याच खात्यात भरायचा. पैची बाकी नव्हती. तरी नोटीस आली: विवरणपत्र भरलेलं नाही, दंड का करू नये ते समक्ष येऊन सांगावं. समक्ष म्हणजे दोन मजले खाली. पण कामाच्या वेळात स्वतःचं काम करायचं नाही, हाही नियमच. म्हणून त्याने रजा टाकली होती.

आणि नेमकं आज बायकोला वॉकर सोडून चालायचं होतं. खुब्याचं हाड मोडून ती कितीतरी महिने अंथरुणाला खिळली होती. “मी येईपर्यंत उठू नकोस हं,” असं तिला चारचारदा बजावून तो निघाला होता. अर्ध्या तासाचं तर काम!

“बोल, काय भरायचं?”

कारकुनाने संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला. पगार, कापलेला कर, भरल्याच्या तारखा, सगळं तिथे होतं.

“हे तर मीच पाठवलंय.”

“ते कचेरीने पाठवलं. आता तू पाठवायचं.”

“हेच?”

“हेच. जुळायला हवं ना.”

“आणि नाही पाठवलं तर?”

“तर आम्हाला कळणार कसं?”

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. कारकून हसला नाही. “उशिराचं कारण निवड. परदेशी होतो, मृत्यू, नैसर्गिक आपत्ती.”

“बायको पडली, हे आपत्तीत बसतं का?”

“पूर, वणवा, भूकंप.” कारकुनाचा आवाज खाली आला. “मला सगळं ठाऊक आहे रे. पण इथे टाकू कुठे? ‘इतर’ करतो. वर साहेबांची सही आण.”

पगारमास्तर जिना चढून वर गेला. स्वतःच्या टेबलावरून जाताना त्याला चोरासारखं वाटलं. शेजारच्या बाईंनी विचारलं, “आज रजा ना तुमची?” तो नुसताच हसला.

साहेबांनी कागद उलटसुलट केला. “हॉस्पिटलचा दाखला कुठाय?”

“साहेब, तुम्ही स्वतः आला होता बघायला. फळं घेऊन. तिच्या पायाशी बसून तासभर गप्पा मारल्यात.”

“हो. कशी आहे आता?”

“बरी आहे.”

“छान.” साहेबांनी कागद परत केला. “हे बघ, माणूस म्हणून मला सगळं माहीत आहे. कचेरीला माहीत नाही.”

“कचेरी म्हणजे कोण, साहेब?”

एवढा आवाज त्याने त्या खोलीत कधी चढवला नव्हता. बाहेरची कीबोर्डची टकटक थांबली. “मी कर कापला, मी भरला, पावती तुम्ही दिलीत! खाली तो, वर तुम्ही, मध्ये मी. तिघांनाही माहीत आहे. मग माहीत नाही ते कुणाला?”

साहेबांनी चष्मा काढला आणि डोळे चोळले. त्यांना राग आला नव्हता. आला असता तर बरं झालं असतं. “माझंही भरायचं राहिलंय रे या वर्षी,” ते म्हणाले. “दाखला घेऊन ये. लगेच सही करतो.”

दाखला घरी कपाटात होता; घेऊन येईपर्यंत खिडकी बंद झाली असती. म्हणजे उद्या पुन्हा रजा. पगारमास्तर जिन्याच्या मधल्या पायरीवर येऊन थांबला. वर जायचं नव्हतं, खाली जाऊन उपयोग नव्हता. तेवढ्यात फोन वाजला. बायको होती.

“अहो, ऐका ना. मी चालले.”

“काय?”

“खिडकीपर्यंत. वॉकर नाही, भिंत नाही, काही नाही. तुमची वाट बघून बघून कंटाळले, म्हटलं उठून तर बघू.”

तो खालीच बसला. ते पहिलं पाऊल त्याला बघायचं होतं. ती डगमगली असती तर धरायला हात पुढे करायचे होते. किती दिवस त्याने मनात ते घोकलं होतं. आता ते होऊनही गेलं होतं. बोलायला तोंड उघडलं, तर भलतंच बाहेर पडलं.

“कुणी पाहिलं?”

जिन्यावरून दोघं जण फायली घेऊन खाली गेले, त्याला वळसा घालून.

“म्हणजे काय?” बायको म्हणाली. “मी पाहिलं की.”