शिंप्याचा मुलगा

पत्र टाइप करून आणलं होतं, सही तेवढी बाकी होती. त्यासाठी साहेब स्वतः जिना चढून शिंप्याच्या घरी आले होते. मतदान चार दिवसांवर आलं होतं.

शिंप्याने चष्मा शोधला. बायको होती तोवर तो मागितला की हातात यायचा. आता सापडला तो शिवायला आलेल्या कपड्यांखाली.

आठवड्यापूर्वी पेपरात छापून आलं होतं. कॉलेजात असताना साहेबांनी वसतिगृहात एका शिंप्याच्या मुलाचं अर्धं डोकं भादरलं आणि त्याला उघडं करून व्हरांड्यातून फिरवलं. मुलाचं नाव दिलं नव्हतं. साहेबांच्या सेक्रेटरीने जुन्या रजिस्टरात वडिलांच्या धंद्याचा रकाना पाहिला आणि शिंप्याचं दार गाठलं. शिंपी ना हो म्हणाला, ना नाही. साहेबांना येऊ द्या, एवढंच म्हणाला.

खाली दुकानात गिऱ्हाइकं विचारू लागली, मास्तर, आता साहेबांचा कोट शिवणार की उसवणार? मुलीने मात्र हे सगळं पहिल्यांदाच ऐकलं होतं. तेव्हापासून ती बापाशी आवाज चढवून बोलली नव्हती.

"तेव्हा अक्कल नव्हती रे," साहेब म्हणाले. "एकोणीस वर्षांचं वय. पण तुझा तो चेहरा अजून डोळ्यांपुढून हलत नाही."

त्यांचे डोळे खरंच भरले होते. शिंप्याने चष्मा डोळ्यांवर चढवला. मग त्याने पत्र वाचलं. मी मोठ्या मनाने माफ केलं आहे, आता कुणी जुनं उकरून काढू नये, असं त्यात होतं.

"नाही जमणार," तो म्हणाला.

सेक्रेटरीने मुलीच्या नोकरीचा विषय काढला, मग दुकानाच्या जागेचा. साहेबांनीच त्याला गप्प केलं.

"एवढा राग आहे?"

"राग नाही."

"मग चाळीस वर्षांनी काय फरक पडतो?"

"मला पडतो. रोज पडतो."

साहेब उठले. गुडघ्यावर हात टेकत जिना उतरले.

मुलीने दार लावलं आणि आठवडाभर दाबून ठेवलेलं सगळं बोलून टाकलं. एवढं सोसलंत आणि घरात एका शब्दाने बोलला नाहीत. आईला तरी माहीत होतं का? शिंप्याने नुसतीच नकाराची मान हलवली.

"बरं केलंत बाबा," ती म्हणाली. "असल्या माणसाला माफ करायचंच नसतं."

"ते माझ्या हातात नव्हतंच, पोरी. वसतिगृहात शिंप्याची मुलं दोन होती. ज्याचं डोकं भादरलं, तो सकाळी ट्रंक उचलून गेला. पुन्हा कुणाला दिसला नाही." त्याने चष्मा काढला. "मी त्याचे हात धरले होते."