अजून दुखतं का?

"खरं सांगा, इंदूताई. अजून दुखतं का हो?"

समोरच्या ब्लॉकमधल्या कर्णिकबाईंनी विचारलं. पुढच्या आठवड्यात त्यांचाही गुडघा बदलायचा होता.

इंदूताईंच्या ऑपरेशनला वर्ष झालं, पण हे कुणी विचारलंच नव्हतं. मुलगा फोनवर म्हणायचा, "आता काय, पळत असशील." डॉक्टर म्हणायचे, "एक्स-रे उत्तम आहे." सकाळी पलंगावरून उतरताना पाय लाकडासारखा ताठ असायचा, ते सांगायला घरात कुणीच नव्हतं.

सगळं तोंडाशी आलं.

खरं सांगितलं, तर या घाबरून ऑपरेशन रद्द करतील.

नाही सांगितलं, तर दोघी मिळून कण्हू.

"छे हो, बिनधास्त करून घ्या," इंदूताई म्हणाल्या. "आणि घरी आलात की रोज दुपारी माझ्याकडेच बसायला येत जा."