उचल

घोडीच्या पुढच्या दोन्ही गुडघ्यांवरून हात फिरवला, तरी कुमुदला नाचवण्यासाठी खिळा टोचल्याची खूण सापडली नाही. तिचे वडील, आबा, वारल्यापासून वरातीत पाय न उचलणारी त्यांची घोडी नव्याने कामावर ठेवलेल्या म्हसूने चार दिवसांत नाचवली होती. न मारता?

“खरं सांगा, काय केलंत हिला? नाहीतर आजपासून काम बंद.”

“चाबूक तुमच्याच हातात ठेवा, ताई. मला लागत नाही.”

म्हसू छातीवर हात ठेवून दोनदा कोरडं खोकला. घोडीने पुढचा पाय अलगद उचलला.

“आबा ‘उचल’ म्हणायच्या आधी खोकायचे, वरातीत बघितलंय मी. ही शब्द शिकलीच नाही, खोकला शिकली.”

आबा असताना तो खोकला ऐकू येऊ नये, म्हणून कुमुद घरात रेडिओ मोठा करायची.

पाय तसाच धरून घोडी म्हसूच्या मागे, दाराकडे बघत राहिली. कुमुदनेही वळून पाहिलं.