डोळे उघडून मिळतील

"मामा, हिच्यात आता काहीच न्हाई," संपत पाना खाली ठेवत म्हणाला. "डिस्क बिलकुल गेली. असली डिस्क आता मुंबईत बी भेटत न्हाई. जालन्याच्या भट्टीवाल्यांना देऊन टाका, पत्रा तरी कामी येईल."

मच्छिंद्रने तरी बटण एकदा दाबून पाहिलं. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा संपत मुद्दाम जालन्याहून आलेला. त्याने हात टेकले म्हणजे विषय संपला. टेबलावर ती निळी पेटी पोट उघडून पडली होती. पाच वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका बंद पडलेल्या जाहिरात कंपनीतून मच्छिंद्रने ती आणली. विकणारा तिला वर्कस्टेशन म्हणाला होता. हिच्यावर सिनेमातली भुतं नाचवतात, असंही म्हणाला होता. मंठ्यासारख्या तालुक्याच्या गावात भुतं कोणाला हवी होती? मच्छिंद्रने तिच्यावर मेलेल्यांचे डोळे उघडले.

त्याचा फोटो स्टुडिओ चालायचाच त्यावर. खेड्यापाड्यातल्या कितीतरी बायांचा जन्मात एकच फोटो निघे, आणि तोही गेल्यावर, भिंतीला टेकवून, कपाळाला कुंकू लावून. तो घेऊन घरचे मच्छिंद्रकडे येत. बाहेर पाटीच होती, 'डोळे उघडून मिळतील'. दुसऱ्या कोणाचे तरी डोळे तो पडद्यावर त्या चेहऱ्यात बसवी, आणि असे बेमालूम बसवी की घरचे फोटो हातात घेऊन हमसाहमशी रडत.

त्याच्या स्वतःच्या घरात मात्र भिंत रिकामी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. बायकोला, बेबीनंदाला जाऊन उद्या वर्ष होत होतं. श्राद्धाला पाटावर ठेवायला तिचा एक धड फोटो नव्हता. लग्नापासून त्याने तिचे ढीगभर फोटो काढले, पण फ्लॅश उडाला की हिची पापणी मिटलीच. तो चिडायचा. ती हसायची. "मी काय करू? तुमची वीज चमकती अन् डोळे आपसूक मिटत्यात."

एकदाच ते साधलं. पेटी आली त्या दिवशी. पडद्याच्या डोक्यावर एक बोटभर कॅमेरा बसवलेला होता आणि त्याला फ्लॅशच नव्हता. बेबीनंदा गंमत म्हणून समोर बसली. पेटीने तिला टिपलं, टक्क उघड्या डोळ्यांनी. तो फोटो तसाच पेटीत राहिला. ती गेल्यावर वर्षभर मच्छिंद्र सकाळी स्टुडिओ उघडून आधी तिला बघे, मग गिऱ्हाइकाला. छापला मात्र नाही. छापला की चौकटीत बसवायचा, चौकटीत बसवला की हार घालायचा. तेवढं त्याच्याच्याने होत नव्हतं. परवा मनाचा हिय्या करून त्याने तो छापायला काढला आणि लाईट गेली. लाईट जाण्याचं मंठ्यात कोणाला कौतुक? ती तासाभराने आली. पेटी काही परत उठली नाही.

संपतला एसटीत बसवून मच्छिंद्रने कॅमेरा गळ्यात अडकवला, लुनाला टांग मारली आणि झुंबरबाईच्या गावाची वाट धरली.

झुंबरबाई ही पेटीची पहिली गिऱ्हाईक. लेक गिरिजा बाळंतपणात गेली होती, तिचा मिटल्या डोळ्यांचा फोटो पदराखाली झाकून म्हातारी आली होती. तेव्हा पेटीत डोळे होते ते एकाच बाईचे. मच्छिंद्र कचरला. जित्या माणसाचे डोळे मेलेल्याला लावायचे म्हणजे अपशकुन. पण बेबीनंदाच म्हणाली, "लावा माझे. पाहू द्या माऊलीला लेक." त्याने लावले. आपण ऐकलं नसतं तर ती आज असती का, हा विचार वर्षभर त्याला कुरतडत होता.

झुंबरबाई दारात ज्वारी निवडत बसली होती. गावात लाईट नव्हती. आतल्या अंधारात डोळा सरावला तशी त्याला भिंतीवर चौकट दिसली. नाक गिरिजाचं होतं, ओठ गिरिजाचे होते आणि बेबीनंदा त्याच्याकडे बघत होती. तो उंबऱ्यावर टेकला.

"मावशी, मला ह्या फोटोचा फोटो काढून न्यायचाय," तो कसाबसा म्हणाला. "हे डोळे तुमच्या गिरिजाचे न्हाईत."

"म्हाईत हाये मला," झुंबरबाई म्हणाली. "गिरिजा घारी व्हती."

"मंग इतकी वर्सं बोलल्या न्हाईत कधी?"

"काय बोलायचं, बाबा? रोज पाह्यते माझ्याकडं. जेवलीस का, म्हनून इचारल्यावानी पाह्यते." म्हातारीने सुपातला हात काढला. "कोनाचे हायेत ते? ती बाई सुखात हाये ना?"

"माझ्या मालकिणीचे हायेत," तो म्हणाला. "उद्या वर्स होतंय तिला."

झुंबरबाई उठली आणि तिने फोटो खाली उतरवला. त्याचा कागदी हार काढून तिने कोनाड्यात ठेवला. मच्छिंद्रने काच सोडवून बाजूला केली. म्हातारीने पदराने फोटो हलकेच पुसला, दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि त्याच्याकडे तोंड करून उभी राहिली.

"काढा," ती म्हणाली.

मच्छिंद्रने कॅमेरा डोळ्याला लावला. सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं, "डोळे मिटू नको हां."

फ्लॅश उडाला. बेबीनंदाची पापणी लवली नाही.