जास्तीचं ताट

“आई, जरा मागे सरक गं, नुसतं कपाळ दिसतंय तुझं!” अवधूत पोलंडमधून ओरडला.

भागीरथी मागे सरकली. शेजारच्या अस्मिताने मोबाइल तांब्याला टेकवून नीट उभा केला. आता भागीरथीचं तोंड दिसायला लागलं आणि तिच्यामागे खिडकीत टांगलेली लाल कागदी चांदणीसुद्धा. नातीला दाखवायची म्हणून ती मुद्दाम उल्हासनगरला जाऊन घेऊन आली होती. हेंद्रेपाड्यातल्या बायांनी लगेच विचारलं होतं, “काय भागीरथीकाकू, बाटलात की काय?” विचारू देत. ज्यांची नातवंडं खाली बिल्डिंगच्या आवारातच खेळतात, त्यांना काय कळणार आहे!

“आजी, बघ, बघ, ट्री!” सहा वर्षांची सोनिया फोन घेऊन घरभर पळत सुटली. झाड दिसलं, गवताच्या काड्यांच्या चांदण्या दिसल्या, मधेच नुसतं छत दिसलं. सोनियाची आई, मागदा, जेवायच्या टेबलावर वाळलेलं गवत पसरत होती आणि त्यावर पांढरीशुभ्र चादर घालत होती.

“अगं बाई, टेबलावर पेंढा?” भागीरथीला हसू आवरेना. तिचा अर्धा जन्म पेंढा उचलण्यात गेला होता.

“येशू गोठ्यात जन्मला ना, म्हणून,” अवधूत म्हणाला.

हे मात्र तिला एकदम पटलं. गोठ्यात जन्मलेला देव म्हणजे आपल्यातलाच की! पण तिचं खरं लक्ष झाडाकडे नव्हतं नि पेंढ्याकडेही नव्हतं. आज लेकाला एकच विचारायचं होतं, मला कधी नेतोस? पासपोर्ट काढला तेव्हा सोनिया रांगत होती. तेव्हापासून दर वर्षी काहीतरी मधे यायचंच. कधी थंडी फार, कधी घर लहान, कधी याला सुट्टी नाही. यंदा मोठं घर झालं. “आई, तुझ्यासाठी वेगळी खोली ठेवलीय,” असं अवधूतनेच स्वतःहून सांगितलं होतं. म्हातारीने हौसेने लोकरीचे मोजेसुद्धा घेऊन ठेवले. पण दिवाळीपासून त्याने तो विषयच काढला नव्हता, आणि विचारायची हिला भीती वाटत होती.

मागदा टेबलावर ताटं मांडायला लागली. एक अवधूतचं, एक तिचं, एक सोनियाचं. एक मागदाच्या आईचं, ती नाताळासाठी आली होती. आणि शेवटी आणखी एक. त्याच्यासमोर खुर्चीही लावली.

भागीरथीने ताटं पुन्हा मोजली. माणसं चार, ताटं पाच. हे आपलंच तर नसेल?

“हे कुणाचं रे?” तिने विचारलं.

“ते होय? इथली पद्धत आहे, आई. आजच्या दिवशी अचानक कुणी दारात आलं, तर त्याला उपाशी परत पाठवायचं नाही. म्हणून एक ताट जास्तीचं मांडतात.”

तिला एकदम भरून आलं. इतके दिवस मनात ठेवलेलं सगळं एका दमात बाहेर पडलं. “मग पुढच्या वर्षी मीच येते की! न सांगता येते. माझ्यासाठी वेगळं काही करू नका, याच ताटावर बसेन मी.”

“ये आजी, ये!” सोनिया ओरडली आणि फोन गदगदा हलला. अवधूतने तो तिच्या हातातून काढून घेतला.

“आई, ते नुसतं मांडायचं असतं गं. खरंच कुणी येत नसतं.” तो सोनियाला मांडीवर घेऊन बसला. “आणि ऐक ना... मागदाची आई आता कायमचीच आमच्याकडे राहणार आहे. ती खोली तिला दिली. या वयात तिला एकटीने राहणं झेपत नाही गं. तू समजून घेशील ना?”

आणि मला झेपतं, हे तुला कुणी सांगितलं रे? भागीरथीच्या अगदी ओठावर आलं होतं. पण नात बघत होती.

“घेतलं समजून,” ती म्हणाली. “जेवून घ्या वेळेवर. पोरीला फार गोड देऊ नका.”

फोन बंद झाला. काहीतरी बोलायचं म्हणून अस्मिता म्हणाली, “पद्धत चांगली आहे पण, नाही काकू? येणार नाही त्याच्यासाठीही ताट मांडायचं. आपल्यात कुठे असतं असं!”

भागीरथी पदराने मोबाइलची काच पुसत होती.

“असतं की,” ती म्हणाली. “येणार नाही त्याचं पान आपणही वाढतो. पण आधी माणूस मरायची वाट तरी बघतो.”